खोडकरपणाचा हक्क कोणाला?

शाळेतल्या अवांतर वाचनासाठी पुस्तके निवडताना 'विविधता' हवी, याबद्दल आता फारसे दुमत उरलेले नाही. वाद उरला आहे तो निकषांचा. एक पुस्तक आदिवासी मुलीचे, एक अपंग मुलाचे, एक मुस्लिम घरातले, एक भटक्यांच्या पालावरचे, अशी यादी पूर्ण झाली की निवड झाली, असे मानण्याकडे शिक्षकांचा आणि प्रकाशकांचाही कल दिसतो. या यादीविषयी आमचा आक्षेप आहे. तो वैविध्याच्या विरोधात नसून वैविध्याच्याच बाजूने आहे.

मोजणी निरर्थक आहे, असे आम्हांस म्हणायचे नाही. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी 1965 साली पाच हजारांहून अधिक बालपुस्तकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी जेमतेम 6.7 टक्के पुस्तकांत एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र आढळले होते. पुढे 1990 मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकत्या काचेची दारे म्हटले, आणि ती उपमा जगभरच्या शिक्षणचर्चेत रूढ झाली. मुलाला पुस्तकात स्वतःचे रूप दिसावे आणि दुसऱ्याचे जगही दिसावे, हे तिचे सार. आमच्या मते तिला एक पुरवणी जोडायला हवी. आरसा असून भागत नाही; त्यात मूल कोणत्या अवस्थेत दिसते, हेही पाहावे लागते.

मराठी बालसाहित्याचे लाडके नायक आठवून पाहावेत. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि त्यांचीच चिंगी, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. या सर्वांना लेखकांनी एक मोठी देणगी दिली आहे, ती खोड्या करण्याची. ही मुले चुकतात, फजीत होतात, मोठ्यांना उलट प्रश्न विचारतात, आणि तरीही वाचकाचे प्रेम गमावत नाहीत. आता आपल्या यादीतल्या 'वंचित' मुलांकडे पाहावे. ती बहुधा समजूतदार असतात. कंदिलाखाली अभ्यास करतात, अपमान गिळतात, पहिला क्रमांक मिळवतात आणि शेवटी कोणी गुरुजी त्यांच्या पाठीवर हात ठेवतात. त्यांना सोसण्याचा हक्क असतो, उंडारण्याचा नसतो. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे 11.8 टक्के आणि अनुसूचित जमातींचे सुमारे 9.4 टक्के आहे. म्हणजे दर पाच माणसांमागे एक. एवढ्या मुलांना पुस्तकातून केवळ करुणेचे पात्र म्हणून भेटवणे हा वगळण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

'श्यामची आई' हे साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यात दलित म्हातारीची मोळी उचलायला आई श्यामला सांगते, तो प्रसंग आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी 1947 साली प्राणांतिक उपोषण केले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. पण तो प्रसंग श्यामच्या बाजूने सांगितलेला आहे. संस्कार श्यामवर होतो, मोठा श्याम होतो. वर्गात त्या म्हातारीच्या नात्यातली एखादी मुलगी बसली असेल, तर तिने या प्रसंगात उभे राहायचे कोठे? हा प्रश्न विचारला म्हणजे पुस्तक बाद होत नाही. त्याच्या शेजारी दुसरे पुस्तक ठेवणे मात्र आवश्यक होते.

ते दुसरे पुस्तक म्हणून कुमारवयीन वाचकांना आपण आत्मकथनांतले उतारे देतो. दया पवारांचे 'बलुतं' (1978), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (1980), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (1987) ही मराठीची मोठी कमाई आहे. परंतु ती प्रौढांसाठी लिहिलेली पुस्तके आहेत, आणि आमच्या अनुभवात त्यांतून वर्गासाठी उचलले जातात ते भुकेचे व अवहेलनेचेच प्रसंग. हैदराबादच्या 'अन्वेषी' या स्त्री-अभ्यास केंद्राच्या 'डिफरंट टेल्स' या उपक्रमातून 2008 च्या सुमारास इंग्रजी, तेलुगू आणि मल्याळम भाषांत दलित, मुस्लिम व कष्टकरी घरांतल्या मुलांच्या गोष्टी मुलांसाठीच म्हणून लिहिल्या गेल्या. मराठीतही असे लेखन मुबलक व्हायला हवे.

दुसरा निकष भाषेचा. बोली कोणाच्या तोंडी आहे? गडी-मोलकरणींच्या संवादापुरती बोली आणि निवेदन मात्र शुद्ध प्रमाण, असे पुस्तक बोली बोलणाऱ्या मुलाला त्याची जागा दाखवून देते. याउलट प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मध्ये लंपनचे निवेदनच बेळगावकडच्या वळणाचे आहे. त्या बोलीतूनच तो विचार करतो. ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा' या पुस्तकात धरणात जाणाऱ्या गावाची कथा मुलाच्या नजरेने येते, आणि ते गाव समस्या म्हणून भेटण्याआधी खेळण्या-भटकण्याची जागा म्हणून भेटते. 2017 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार या पुस्तकाला मिळाला, हे सुचिन्ह आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: अशा निवडीत साहित्यमूल्याचे काय? आम्हांला हा आक्षेप उलटा वाटतो. नुसती यादी भरण्यासाठी घेतलेली पुस्तके साहित्यमूल्यावरच तोकडी ठरतात, कारण त्यांतली मुले व्यक्ती नसून उदाहरणे असतात. दृष्टिकोन कोणाचा, निवेदक कोठे उभा आहे, पात्राला स्वतःची इच्छा आहे की नाही, हे प्रश्न समीक्षेचेच आहेत. एम. ए. च्या वर्गात आपण ते कादंबरीला विचारतो; बालपुस्तकाला विचारायला मात्र संकोचतो, जणू ते विचार करण्याइतके गंभीर साहित्यच नव्हे.

आपले बरेचसे विद्यार्थी पुढे शाळांत शिकवणार आहेत. तेव्हा बालकुमार साहित्य हा पदव्युत्तर अभ्यासाचा मध्यवर्ती भाग व्हावा, आणि एका तरी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी जवळच्या शाळेच्या ग्रंथालयातले एक कपाट संपूर्ण वाचून काढावे, अशी आमची सूचना आहे. कोणती मुले त्या पुस्तकांत आहेत, हे मोजावे. नंतर त्यांपैकी किती जणांना खोडी काढता येते, खोटे बोलता येते, हट्ट करता येतो आणि त्यासाठी क्षमाही मिळते, हे वेगळे नोंदवावे. या दुसऱ्या आकड्यावरून पुढच्या वर्षीची पुस्तकखरेदी ठरवावी.