शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे? मग आठवड्याला सीबीसी करा

हाडात पू झाला किंवा हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला, की शिरेतून अँटिबायोटिक चार-सहा आठवडे द्यावं लागतं. हल्ली सुरुवातीचे दिवस इस्पितळात आणि उरलेली इंजेक्शनं घरी किंवा जवळच्या दवाखान्यात, असं सर्रास होतं. ताप उतरतो, जखम सुकते आणि घरचे म्हणतात, ‘आता पुन्हा रक्त कशाला काढायचं?’

काढायचं. कारण हीच औषधं कधी कधी रक्तपेशी कमी करतात, आणि पेशंटला त्याचा पत्ताही लागत नाही. सेफ्ट्रायाक्सोन, पिपरासिलिन, व्हॅन्कोमायसिन यांनी पांढऱ्या पेशी घटल्या, तर त्या बहुधा दोन आठवडे उलटल्यावर घटतात. लिनेझोलिडने प्लेटलेट उतरतात, तेही साधारण दहा-चौदा दिवसांनी. किडनी कमजोर असेल किंवा मुळातच प्लेटलेट कमी असतील, तर धोका जास्त. म्हणजे कोणावर आणि कधी लक्ष ठेवायचं, याचा अंदाज आधी बांधता येतो. त्यासाठी औषध सुरू होण्यापूर्वीची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हाताशी हवी. ती नसेल तर पुढच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

रिपोर्टवर लाल खूण नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. प्लेटलेट ३ लाख २० हजारांवरून १ लाख ६० हजारांवर आल्या, तरी लॅब ‘नॉर्मल’च छापते, कारण खालची मर्यादा दीड लाख. एकूण पांढऱ्या पेशी ४,२०० म्हणजे ठीक वाटतं. पण त्यात न्यूट्रोफिल ३० टक्केच असतील तर ते भरतात १,२६०, आणि १,५०० च्या खाली गेले की डॉक्टरांनी बघायलाच हवं. ते ५०० च्या खाली असताना ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री असेल तर रात्रीच इस्पितळ गाठा. नाकातून रक्त, अंगावर बारीक लाल ठिपके, तोंडात फोड आले तरी लगेच कळवा.

पेशी घटल्या म्हणून घाबरून औषध स्वतःच बंद करणं मात्र वाईट. अर्धवट सोडलेला संसर्ग उलटतो. डॉक्टर औषध बदलतात, आणि पेशी बहुतेक वेळा काही दिवसांत पूर्ववत होतात.

डिस्चार्जच्या कागदावर दोन गोष्टी लिहून मागा: दर आठवड्याची सीबीसी कोणत्या वारी करायची आणि तिचा रिपोर्ट कोणत्या डॉक्टरांना पाठवायचा.