कर्करुग्णाच्या घरची सावड आजच धरा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील बंधू-भगिनींनो,

आपल्याकडे कुणाला कॅन्सर निघाला की उपचारासाठी पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते. रेडिएशनचा शेक बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असा कित्येक आठवडे घ्यावा लागतो. आहुप्याच्या किंवा नाणेघाटाकडच्या माणसाला रोज पुण्याला जाऊन घरी परतणे झेपत नाही. रुग्ण तिकडे खोली शोधतो, सोबत घरचे एक माणूस अडकते. इकडे टोमॅटोची तोडणी, गाईंच्या धारा, रात्रीच्या लाइटीवर बिबट्याच्या धाकात भरायचे पाणी हे सगळे उरलेल्यांवर पडते. ‘माझ्यापायी घर बसलं’ या विचाराने रुग्णाची झोप उडते, अन्न गोड लागत नाही. हा ताण असह्य झाला की उपचार मध्येच सुटतात, आणि सुटलेला उपचार जिवावर बेततो. म्हणून हे आवाहन तातडीचे आहे.

औषध डॉक्टर देतील. घराचा भार मात्र गावानेच उचलायचा आहे. लावणी-काढणीला आपण सावड करतो, तशीच ती या घरांसाठी करू या. प्रत्येक भावकीने, बचत गटाने, भजनी मंडळाने येत्या आठ दिवसांत ही कामे वाटून घ्यावीत:

१. सोबत : उपचारांच्या तारखांना पाळीपाळीने एकाने बरोबर जावे. कर्करुग्णांना एसटीच्या भाड्यात सवलत आहे. आगारात चौकशी करा. मुंबईत टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे.

२. शेत आणि गोठा : धारा, वैरण, पाणी, मुलांची शाळा यांसाठी माणसे नेमा.

३. कागदपत्रे : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा खर्च भागतो. १५५३८८ वर फोन करा. रुग्णाला खेटे घालायला लावू नका, शिकलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे.

४. वेदना : ‘दुखणारच’ म्हणून सोसत बसू नका. बहुतेक वेदना औषधांनी आटोक्यात येतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर (त्रास हलका करणाऱ्या उपचारांचे) केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देते. उपचार चालू असतानाही ही मदत घेता येते. ती फक्त अखेरच्या दिवसांसाठी नाही. केमो चालू असताना ताप आला तर अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.

५. मन : भीती, चिडचिड, रडू हा दुबळेपणा नव्हे. टेली-मानस या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ वर मराठीत, मोफत बोलता येते. रुग्णाची सेवा करणाऱ्यांनीही बोलावे. त्यांनाही आठवड्यातून एक दिवस विसावा द्या.

कॅन्सर शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. भांडी वेगळी काढू नका. ‘कुठल्या जन्माचं पाप’ असे बोलू नका. रुग्णाला आजार चारचौघांत सांगायचा नसेल तर तो गुपितच राहू द्या. उपचार सोडून बुवाकडे किंवा झाडपाल्याकडे वळण्याचा सल्ला कुणालाही देऊ नका.

आपल्या आळीतले असे घर तुम्हाला ठाऊक आहे. आज संध्याकाळीच तिथे जा. उपचाराची पुढची तारीख विचारा आणि त्या दिवशी सोबत कोण येणार, हे नक्की करूनच उठा.