विशेषण कमवावे लागते

इंग्रजी व्याकरणात विशेषणाचा धडा सर्वांत सोपा समजला जातो. नामाबद्दल अधिक माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण, ही व्याख्या लहानपणीच पाठ होते. मग 'गुड, बेटर, बेस्ट'चा तक्ता येतो, रिकाम्या जागा भरल्या जातात आणि वर्ग काळांच्या धड्याकडे वळतो. माझे मत वेगळे आहे. ज्या शाळेतून पुढे सैन्यात जायचे, त्या शाळेत हा धडा सर्वांत काळजीपूर्वक शिकला पाहिजे.

आपल्या मराठी पानाच्या वाचकांसाठी आधी व्याकरणाबद्दल थोडेसे. आमच्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'तून, मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून, इंग्रजी शिकून घेतले. ती पद्धत आजही उपयोगी पडते. मराठीत 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगली मुले' असे विशेषण नामाप्रमाणे रूप बदलते. 'शूर', 'हुशार', 'लाल' ही मात्र बदलत नाहीत. इंग्रजीतली गुणविशेषणे या 'शूर'सारखी असतात. मुलगा असो, मुलगी असो, एक असो वा शंभर, 'ब्रेव्ह' ते 'ब्रेव्ह'च. म्हणजे इथे इंग्रजी मराठीपेक्षा सोपी आहे, हे आपल्याला कोणी सांगतच नाही.

इंग्रजी विशेषण बदलते ते तुलनेत. आपण 'पेक्षा' आणि 'सर्वांत' लावून काम भागवतो, विशेषणाला हात लावत नाही. इंग्रजीत लहान शब्दाला शेपूट लागते, 'ब्रेव्हर, ब्रेव्हेस्ट', आणि लांब शब्दाच्या आधी 'मोर' किंवा 'मोस्ट' येते. दोन्ही एकदम लावायचे नाही. 'मोर बेटर' म्हणजे एकाच माणसाला दोनदा सॅल्यूट. शिवाय इंग्रजीत विशेषणे रांगेत उभी राहतात: आधी संख्या, मग आकार, वय, रंग आणि शेवटी उपयोग. 'टू बिग ओल्ड ग्रीन आर्मी ट्रक्स' ही रांग मोडून 'ग्रीन ओल्ड बिग' म्हटले, तर अर्थ कळतो, पण कानाला खटकते. फॉलिनमध्ये उंचीप्रमाणे उभे राहणाऱ्यांना हे समजायला अवघड नाही.

आपल्या रोजच्या बोलण्यातही विशेषण लपलेले आहे. मेजर हा लेफ्टनंटपेक्षा वरचा, मग लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलपेक्षा वरचा कसा, हा प्रश्न प्रत्येक नव्या कॅडेटला पडतो. उत्तर विशेषणात आहे. 'जनरल' हा शब्द मुळात विशेषण होता, 'सर्वांवरचा' अशा अर्थाचा. जुन्या काळी इंग्लंडमध्ये 'कॅप्टन जनरल', 'लेफ्टनंट जनरल' आणि 'सार्जंट मेजर जनरल' असे हुद्दे होते. पुढे तिसऱ्यातला 'सार्जंट' गळाला आणि 'मेजर जनरल' उरला. विशेषण नामाच्या मागे ठेवण्याची रीत फ्रेंचमधून आली. 'कोर्ट मार्शल'मध्येही 'मार्शल' हे विशेषणच आहे, म्हणून त्याचे अनेकवचन 'कोर्ट्स मार्शल' असे करतात. अनेकवचन नामाचे होते, विशेषणाचे नाही.

आता मुद्द्याकडे येतो. मला विशेषणांचे दोन गट दिसतात. एक गट वस्तू ओळखायला लावतो, दुसरा ती सजवतो. फायरिंग रेंजवर 'लाइव्ह राउंड' आणि 'ड्रिल राउंड' यांत फरक एका शब्दाचा आहे. तो शब्द चुकला तर माणूस जाऊ शकतो. नदीचा डावा काठ की उजवा, रस्ता कच्चा की पक्का, या विशेषणांवर सगळी तुकडी अवलंबून असते. उलट 'भव्य', 'अद्भुत', 'अविस्मरणीय' यांतला कोणताही शब्द काढला तरी बहुधा वाक्याचे काही बिघडत नाही.

मराठी व्याकरणात गुणविशेषण आणि संख्याविशेषण असे भेद आपण शिकतो. सैनिकाला दुसरे अधिक कामाचे आहे. अंतराचा अंदाज घ्यायला शिकवतात तेव्हा 'बरेच लांब' हे उत्तर चालत नाही, '300 मीटर' चालते. 'पुष्कळ शत्रू' ऐकून कंपनी कमांडर काय ठरवणार? 'अकरा माणसे, दोन मशीनगन' ऐकून तो ठरवू शकतो. 'पुष्कळ'मध्ये बोलणाऱ्याची भीती असू शकते, अकरामध्ये फक्त अकरा असतात.

आपल्या देशाने शौर्यासाठी विशेषणे कशी जपून वापरली ते पाहा. 26 जानेवारी 1950 रोजी तीन पदके सुरू झाली: वीर चक्र, महावीर चक्र, परमवीर चक्र. 'वीर' तिन्हींत आहे. आधी काही नाही, मग 'महा', मग 'परम'. तुलनेचा तक्ताच जणू पदकांवर कोरला आहे. इंग्रजी निकषांतही हेच दिसते. वीर चक्रासाठी नुसता 'गॅलंट्री' हा शब्द आहे, म्हणजे शौर्य. परमवीर चक्रासाठी 'मोस्ट कॉन्स्पिक्युअस ब्रेव्हरी', म्हणजे सर्वांत ठळकपणे उठून दिसणारे शौर्य. त्या 'मोस्ट'साठी काय करावे लागते, हे कारवारकडच्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्याकडे पाहून कळते. ते बॉम्बे सॅपर्सचे. 8 एप्रिल 1948 रोजी नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढायला निघताना त्यांच्या तुकडीवर उखळी तोफांचा मारा झाला. दोघे मारले गेले, पाच जखमी झाले, त्या पाचांत राणे होते. त्यांनी तुकडी पुन्हा उभी केली आणि काम सुरू केले. 11 एप्रिलपर्यंत ते शत्रूच्या गोळीबारात सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून देत राहिले. ही हकिगत सांगताना मला एकही सजवणारे विशेषण लागले नाही. तारखा, आकडे आणि क्रियापदे पुरली. 'परम' हे विशेषण देशाने त्यांना नंतर दिले.

आपण दिल्लीजवळ राहतो, म्हणून इंडिया गेटजवळचे राष्ट्रीय समर स्मारक पाहणे सोपे आहे. 25 फेब्रुवारी 2019 रोजी त्याचे उद्घाटन झाले. तिथल्या त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर 25 हजारांहून अधिक सैनिकांची नावे सोनेरी अक्षरांत आहेत. हुद्दा आहे, नाव आहे. कोणाच्याही नावाआधी 'थोर' नाही, 'महान' नाही. तरीही तिथे बोलणारा माणूस आपोआप आवाज खाली आणतो.

असे असताना आपण वर्गात काय करतो? निबंधात जितकी विशेषणे जास्त तितकी भाषा 'समृद्ध', अशी समजूत आहे. गाइडमधून 'मॅग्निफिसंट', 'ब्रेथटेकिंग' असे शब्द पाठ केले जातात आणि सूर्योदयापासून स्नेहसंमेलनापर्यंत सगळ्यांना तेच लावले जातात. यात जास्त नुकसान मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे होते. आपल्याकडे असे शब्द कमी आहेत म्हणून आपले इंग्रजी कच्चे, असे ती धरून चालतात आणि हात वर करीत नाहीत. त्यांना सांगावेसे वाटते, तुमच्याकडे अचूक नाम आणि अचूक आकडा असेल तर तुमचे इंग्रजी कच्चे नाही.

हीच सवय पुढे एसएसबीपर्यंत सोबत जाते. तिथे पंधरा मिनिटांत स्वतःचे वर्णन लिहायचे असते: आईवडील, शिक्षक आणि मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात आणि तुम्हाला स्वतःला काय वाटते. 'ऑनेस्ट, हार्डवर्किंग, डिसिप्लिन्ड' ही माळ कोणीही लिहू शकतो, म्हणूनच तिच्यावरून कोणाचीच ओळख पटत नाही. 'सहा महिने मेसचा हिशेब माझ्याकडे होता आणि तो दर शनिवारी जुळत असे,' एवढे लिहिले तर प्रामाणिक हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.

कोणी म्हणेल, विशेषणांशिवाय भाषा कोरडी होईल. कवितेला आणि आईच्या पत्राला माझा नियम लावू नये, हे मलाही मान्य आहे. पण तिथेही एकच नेमके विशेषण दहा ढोबळ विशेषणांपेक्षा जास्त बोलते.

पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती. प्रगतिपत्रकात आणि फोनवर आमच्यासाठीही विशेषणेच वापरली जातात: हुशार, आळशी, लाजाळू, अॅव्हरेज. बारा वर्षांच्या मुलाला एकदा 'आळशी' चिकटले की तो ते हुद्द्यासारखे वागवतो आणि 'हुशार' चिकटलेला मुलगा प्रश्न विचारायला घाबरतो. 'या महिन्यात चार गृहपाठ दिले नाहीत' हे ऐकायला कडक असले तरी सुधारता येते. 'आळशी' कसे सुधारायचे ते आम्हाला कळत नाही.

माझी सूचना साधी आहे. इंग्रजी निबंध तपासताना प्रत्येक गुणविशेषणाखाली रेघ ओढावी आणि समासात एकच शब्द लिहावा: 'कशावरून?' ज्याचे उत्तर पुढच्या वाक्यात असेल ते विशेषण राहू द्यावे, बाकीची खोडावीत. पुढच्या सत्रात निदान नववीच्या वर्गात हा प्रयोग करून पाहावा.