कावसजीचे नाक

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडची एक हकीकत छापून आली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला, तेव्हा त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा साचा केला, तो कपाळावर ठेवला, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली आणि कावसजीला नाक बसवले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये याच रीतीने नाक बसवले.

ही गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो. बाहेरचे नाक गेले तरी श्वास चालतो, घास उतरतो, बैलही हाकता येतात. तरीही कावसजीच्या नव्या नाकाला नखरा म्हणावे असे आजवर कुणाच्या मनात आलेले नाही. मात्र स्तनाच्या कर्करोगाची बाई ऑपरेशनच्या आधी दबक्या आवाजात विचारते, “नंतर परत करता येतं का हो?” आणि खोलीतली चार माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. “जीव वाचतोय ना? मग आता शोभा कशाला?”

हा झाला पहिला पूर्वपक्ष: पुनर्रचना, म्हणजे काढलेला स्तन पुन्हा घडवणे, हे शोभेचे काम. दर पैशाचा हिशेब करणाऱ्या विमा व्यवसायाने तरी तसे मानलेले नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळायच्या बाबींची जी ठरीव भाषा दिली, तिच्यात प्लास्टिक सर्जरी वगळली आहे खरी. पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्यातून सूट आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तिची वैद्यकीय गरज लिहून द्यावी लागते, इतकेच. अमेरिकेत तर १९९८ पासून कायदाच आहे. स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्याने पुनर्रचनेचा आणि दुसरी बाजू जुळती करण्याचाही खर्च द्यायचा. कायद्याला जे उपचार म्हणून कळते, ते घरच्यांना नखरा का वाटावे? दिवसातून दहा वेळा पदर सावरणे आणि ब्लाउजमधला स्पंज सरकला की काय म्हणून धसकणे, यात शोभा कुठे आली?

दुसरा पूर्वपक्ष भीतीचा आहे: “सगळंच काढून टाका, म्हणजे निर्धास्त.” एके काळी शल्यचिकित्सकांचेही मत हेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विल्यम हॉलस्टेडने स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढायची रीत रुजवली आणि ती पुढे अनेक दशके टिकली. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७० च्या दशकात तिची परीक्षा घेतली. लहान गाठ असलेल्या काही बायकांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन दिले. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. दोन्हीकडे जगण्याचे प्रमाण सारखेच होते. गाठ फार मोठी असेल किंवा एकाच स्तनात अनेक जागी असेल, तर पूर्ण स्तन काढावा लागू शकतो. पण ती गरज तपासण्यांवरून ठरावी, घाबरून नव्हे. म्हणून पुनर्रचनेच्याही आधीचा प्रश्न असा: माझा स्तन काढायलाच हवा का?

तिसरा पूर्वपक्ष गावोगावी ऐकू येतो: “सुरी लागली की कर्करोग पसरतो.” गंमत अशी की, ऑपरेशनच्या वेळी काही पेशी निसटत असतील का, हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही गांभीर्याने घेतला. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,६०० बायकांवर चाचणी केली. निम्म्या जणींना गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती साध्या लिडोकेनचे, म्हणजे जागा बधिर करण्याच्या औषधाचे, इंजेक्शन दिले. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ९०.१ टक्के होते, न घेतलेल्यांत ८६.४. शंका एकच होती. तिच्यापायी गावात ऑपरेशन लांबणीवर पडते, टाटात ते अधिक नेटके झाले. याच शंकेचे दुसरे रूप म्हणजे “नवा स्तन केला की आत परत आलेला आजार लपून राहील.” योग्य रीतीने केलेल्या पुनर्रचनेने आजार परतण्याचा धोका वाढत नाही आणि तो ओळखणेही अडत नाही. नियमित तपासणी मात्र पुनर्रचना केली काय नि न केली काय, करावीच लागते.

चौथा पूर्वपक्ष सर्वांत सबळ आहे आणि तो एका रुग्ण बाईचाच आहे. अमेरिकी कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८० च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये कृत्रिम स्तन नाकारला. माझे शरीर बदलले आहे, ते इतरांच्या सोयीसाठी मी का लपवू, असा त्यांचा रोख होता. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पुनर्रचना फुकटात पदरात पडत नाही. भूल लांबते, पोटाची किंवा पाठीची ऊती घेतली तर दुसरी जखम होते, स्पर्शाची जाणीव पहिल्यासारखी परतत नाही, सिलिकॉनचे रोपण जन्मभर टिकेलच असे नाही. सपाट छातीने ताठ चालणारी बाई काहीही उणी नाही. पण लॉर्ड यांचा विरोध सक्तीला होता. “करूच नकोस” ही सक्ती “करच” या सक्तीची सख्खी बहीण आहे.

एवढे खंडन झाल्यावर मांडायचे ते थोडकेच उरते. हे सारे बोलणे ऑपरेशनच्या आधी व्हायला हवे. रेडिएशन द्यावे लागणार असेल तर रोपणाभोवतीची ऊती आकसण्याचा धोका वाढतो. मग पोटाची कातडी-चरबी घ्यायची, पाठीचा स्नायू वळवायचा की काही महिने थांबायचे, हे कर्करोगाच्या सर्जनने आणि प्लास्टिक सर्जनने मिळून ठरवायचे असते. टेबलावर निजल्यावर हे सुचून उपयोग नाही.

घरची तयारीही आहेच. साखर ताब्यात आणणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपासून काढ्यांपर्यंत सारे डॉक्टरांना सांगणे, आणि मशेरी सोडणे. मशेरी म्हणजे तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हलवलेल्या ऊतीला रक्त कमी पडते. लाजेपायी मशेरी लपवणाऱ्या बाईला हे कुणीतरी मायेने सांगायला हवे. पुढून उघडणारे दोन सैल ब्लाउज, जखमेतला स्राव जमा होणारी ड्रेनची बाटली अडकवायला कापडी पिशवी, डॉक्टर सांगतील तेव्हापासून भिंतीवर बोटे चढवत खांदा मोकळा करण्याचा व्यायाम, आणि निदान महिनाभर जड पातेली उचलायला घरात दुसरे हात. ही यादी घरातल्या पुरुषांनी पाठ करावी.

आज जमले नाही, पैसे नाहीत, मन तयार नाही, तरी वाट बंद होत नाही. कावसजीलाही नाक वर्षभराने मिळाले होते. स्तनाची पुनर्रचनाही नंतर करता येते. पण संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे विचाराच: “माझ्या बाबतीत काय काय शक्य आहे?” आणि डॉक्टर उलट विचारतील, “तुम्हाला काय हवंय?”, तेव्हा शेजारी बसलेल्या नवऱ्याने, मुलाने, सासूने कृपा करून गप्प बसावे. उत्तर तिला देऊ द्यावे.