प्रेक्षकाचा वाटा पडद्यावर कोण उचलणार?

रंगभूमीवर गाजलेल्या विनोदी संगीत नाटकाचा चित्रपट निघाला की तो मुळाशी किती प्रामाणिक राहिला, हेच आधी तपासले जाते. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. नाटकातला विनोद नट एकटा उभा करत नाही. हशा उसळला की तो थांबतो, ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकतो, पद रंगले तर ‘वन्स मोअर’ घेतो. प्रयोगाची लय सांभाळण्याचे निम्मे काम प्रेक्षक करत असतो आणि कॅमेऱ्यासमोर नेमका तोच नसतो. त्याच्या वाट्याचे काम पडद्यावर कोण करणार, हे ठरल्याशिवाय पटकथेला हात घालू नये.

अमेरिकी रंगभूमीचा अनुभव हेच सांगतो. ‘द प्रोड्यूसर्स’ने २००१ साली विक्रमी १२ टोनी पुरस्कार मिळवले. २००५ मध्ये त्याचा चित्रपट झाला तेव्हा दिग्दर्शिका सुझन स्ट्रोमन तीच होती, नेथन लेन आणि मॅथ्यू ब्रॉडरिक ही जोडीही तीच. इतकी निष्ठा असूनही चित्रपट पडला. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून मोठा केलेला अभिनय कॅमेऱ्याने हातभर अंतरावरून टिपला आणि तो आरडाओरडा वाटू लागला. ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चे उदाहरण तर आणखी बोलके आहे. १९८२च्या या नाटकात नरभक्षक झाड शेवटी नायक-नायिकेला गिळते आणि तरीही लोक खुशीत घरी जात. १९८६च्या चित्रपटात फ्रँक ऑझ यांनी तोच शेवट चित्रित केला. पण चाचणी खेळांना आलेल्या प्रेक्षकांना तो मुळीच रुचला नाही आणि शेवट बदलून नव्याने चित्रित करावा लागला. कारण ऑझ यांनीच पुढे सांगितले: नाटकात मेलेली पात्रे अभिवादनाला परत येतात, चित्रपटात येत नाहीत. संहितेत कुठेही न लिहिलेले ते अभिवादन नाटकाचा शेवट हलका करत होते. रॉब मार्शल यांच्या ‘शिकागो’ला (२००२) मात्र पर्याय सापडला. तिथे बहुतेक गाणी रॉक्सीच्या मनातल्या रंगमंचावर घडतात. टाळ्यांसाठी आसुसलेल्या बाईच्या डोक्यातच नाट्यगृह उभारल्यामुळे गाणे मध्येच का सुरू झाले, हा प्रश्नच उरत नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर त्याला मिळाले.

यावर नाट्यप्रेमी विचारतील, अशी मोकळीक दिली तर मूळ नाटकाचे काय उरेल? शंका रास्त आहे. स्टीफन सॉन्डहाइम यांच्या ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम’चा चित्रपट रिचर्ड लेस्टर यांनी १९६६ साली केला, तेव्हा बरीचशी गाणी कापली. धावत्या प्रहसनात प्रेक्षकाला दम घ्यायला जागा देणे, हे त्या गाण्यांचे काम होते. ती गेली आणि जलद संकलनाने धावपळ आणखी वाढवली. म्हणजे मोकळीक हवी, पण जे काढले त्याचे काम दुसऱ्या कशाकडे तरी सोपवायला हवे. दुसरा आक्षेप असा की मग सरळ प्रयोगच चित्रित करावा. २०१६ मध्ये चित्रित झालेला आणि २०२० मध्ये घरोघरी पोहोचलेला ‘हॅमिल्टन’ तसाच आहे आणि उत्तम आहे. मात्र त्यात सभागृहातला हशा आणि टाळ्याही ऐकू येतात. प्रेक्षकाला वगळून तो प्रयोग उभा राहिलेला नाही.

मराठीत हा विषय आता केवळ चर्चेचा राहिलेला नाही. खाडिलकरांच्या १९११च्या ‘संगीत मानापमान’वरचा सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आला, शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीतासह. असे आणखी प्रयत्न व्हायला हवेत आणि त्यांत देवलांचे ‘संशयकल्लोळ’ आग्रहाने घ्यावे, असे मला वाटते. मोलिएरच्या प्रहसनापासून इंग्रजीमार्गे आपल्याकडे आलेले हे नाटक स्थलांतर पचवून मराठी झाले आहे. पडद्यावरचे स्थलांतरही ते पचवेल. त्यातला फाल्गुनराव संशयाने पेटून स्वतःशी बोलतो, तेव्हा खरे तर प्रेक्षकालाच साक्षीला घेतो. त्याचा संशय पोकळ आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, म्हणून हसू येते. जो दिग्दर्शक हे नाटक हाती घेईल, त्याने पदांना चाली कोण देणार हे ठरवण्याआधी, पडद्यावर फाल्गुनराव कोणाशी बोलणार हे ठरवावे.