लखोटा कोणी फोडावा?

दुसऱ्याच्या नांवाचें पत्र फोडूं नये, ही शिकवण आपल्याकडे मुलाला शाळेंत घालण्यापूर्वींच घरीं मिळत असे. पत्रांत लपविण्याजोगें कांहीं असो वा नसो, लखोट्यावर ज्याचें नांव त्यानेंच तो फोडावा, हा साधा शिष्टाचार निरक्षर माणूसही पाळी. आज पत्राचें बहुतेक काम इंटरनेटनें आपल्याकडे घेतलें आहे. परंतु पत्राबरोबर हा शिष्टाचार मात्र तिकडे गेला नाहीं. तो तेथें कसा नेतां येईल, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहिले आहेत.

प्रश्न नवा नाहीं. इटलीचा देशभक्त मॅझिनी परागंदा होऊन लंडन शहरीं राहत असतां, आपलीं पत्रें वाटेंत फोडलीं जात असावींत असा त्यास संशय आला. १८४४ सालीं त्यानें एक युक्ति योजिली. लखोट्यांत खसखशीचे दाणे, केंस व वाळूचे कण घालून तीं पत्रें त्यानें स्वतःकडेच पाठवविलीं. लखोटे हातीं आले ते वरून शाबूत होते. आंतील दाणे मात्र नाहींसे झाले होते! ही गोष्ट पार्लमेंटपुढें येतांच मोठा गहजब झाला. पत्रें खुद्द गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकुमानें फोडलीं जात होतीं असें उघडकीस आलें आणि चौकशीसाठीं समिति नेमणें भाग पडलें. ह्याच मॅझिनीचें आत्मचरित्र विनायक दामोदर सावरकर यांनीं १९०७ सालीं मराठींत आणिलें, तेव्हां येथील इंग्रज सरकारनें त्या पुस्तकावर बंदी घातली. पत्र फोडणारा हात आणि पुस्तक मिटणारा हात, असे दोन्ही एकाच पुरुषाच्या वांट्यास आले, यांत नवल नाहीं. कोण काय वाचतो हें ज्या सत्तेला कळतें, तिला कोणीं काय वाचूं नये हें ठरविण्याचा मोह फार काळ आवरत नाहीं.

आजच्या लखोट्यांत खसखस घालून भागत नाहीं. संदेशाची नक्कल घेतली तरी मूळ संदेश जसाच्या तसा पोंचतो. मागें एक कणही सांडत नाहीं. आपल्या घरीं इंटरनेट पुरविणारी कंपनी ही आपली टपालवाली होय. आपण एखाद्या संकेतस्थळाचें नांव लिहिलें कीं त्याचा पत्ता प्रथम डीएनएस नांवाच्या एका वहींत शोधला जातो, व ही वही बहुधा त्या कंपनीचीच असते. एचटीटीपीएस या पद्धतीनें चालणाऱ्या स्थळावरील मजकूर बंद लखोट्यांतून जातो. तशी सोय नसेल तर तो उघड्या कार्डासारखा वाटेंतील कोणासही वाचतां येतो. परंतु लखोटा बंद असला तरी वरचा पत्ता बहुधा दिसतोच. एखाद्या गृहस्थानें मध्यरात्रीं कर्करोगाच्या रुग्णालयाचें स्थळ पाहिलें, लगेच कर्ज देणाऱ्या पेढीचें पाहिलें, आणि पहांटे मृत्युपत्रासंबंधीं माहिती देणारें पाहिलें, तर त्याच्या घरांत काय चाललें आहे हें समजण्यास आंतील एक अक्षरही वाचावें लागत नाहीं.

यावर उपाय आहेत, व ते विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावे. व्हीपीएन म्हणजे एक लखोटा दुसऱ्या लखोट्यांत घालून तिसऱ्यामार्फत पाठविणें. घरच्या कंपनीस केवळ त्या तिसऱ्याचें नांव दिसतें. मात्र विश्वास एकावरून उठला तो दुसऱ्यावर बसला, एवढेंच यानें साधतें. हा दुसरा फुकट सेवा देत असेल, तर त्याचें पोट कशावर चालतें हें विचारल्यावांचून राहूं नये. शिवाय २०२२ सालीं सर्ट-इन या सरकारी संस्थेनें अशा कंपन्यांस ग्राहकांचीं नांवें व पत्ते पांच वर्षें जपून ठेवण्याचा आदेश दिला. कित्येक परदेशी कंपन्यांनीं त्या वेळीं आपलीं यंत्रें भारतांतून हलविलीं. तात्पर्य, दाराला कडी अवश्य लावावी; परंतु दार ठोठावणारा पहारेकरीच कायद्यानें बांधलेला नसेल, तर कडीनें किती काळ निभावेल?

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ६९व्या कलमान्वयें देशाची सुरक्षितता, सुव्यवस्था, गुन्ह्यांचा तपास अशा कारणांसाठीं सरकारला संदेश वाचतां येतात. हुकूम गृहसचिव काढतात. त्याची फेरतपासणी करणारी समितिही सचिवांचीच असते. तींत न्यायाधीश नसतो, आणि ज्याचा लखोटा फुटला त्यास मागाहून तरी कळविण्याची तरतूद नाहीं. ६९-अ कलमानें स्थळें बंद करण्याचा अधिकार दिला आहे, व २००९ च्या नियमांतील सोळावा नियम त्यासंबंधींच्या तक्रारी व कारवाई गुप्त ठेवण्यास सांगतो. असा अधिकार हातचा निसटला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण त्यापूर्वींचेंच आहे. सप्टेंबर २००३ मध्यें मेघालयांतील एका फुटीर गटाचें एक पान बंद करण्याचा हुकूम झाला. तें एकटें बंद करणें कंपन्यांस साधेना, म्हणून त्यांनीं याहू ग्रूप्स हें सारेंच स्थळ बंद केलें. एका खोलीसाठीं चाळीला कुलूप लागलें, आणि शेंकडों निरपराध मंडळ्या बाहेर राहिल्या.

"ज्याला लपवावयाचें नाहीं, त्यानें भ्यावें कशाला?" असें पुष्कळ सज्जन विचारतात. त्यांस नम्रपणें विचारावेंसें वाटतें कीं, आपल्या आजाराचीं, कर्जाचीं व लेकीच्या सोयरिकीचीं पत्रें आपण चावडीवर लावाल काय? खाजगीपणा हा अपराध्याचा आडोसा नव्हे. तो प्रत्येक घराची भिंत आहे. बाँब उडविणारे व मुलांना फसविणारे नराधम या जाळ्यांत आहेत, हें खरें. त्यांचा माग सरकारनें काढलाच पाहिजे. वाद पहाऱ्याविषयीं नसून पहाऱ्याच्या रीतीविषयीं आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यांत हात घालावयाचा तर कायद्याचा आधार पाहिजे, हेतु योग्य पाहिजे, आणि उपाय हेतूच्या प्रमाणांत पाहिजे. १० जानेवारी २०२० रोजीं काश्मीरच्या प्रकरणीं त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, इंटरनेट बंद करण्याचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत. हुकूम डोळ्यांपुढें असला तरच त्याविरुद्ध दाद मागतां येते. स्थळें बंद करण्यास व लखोटे फोडण्यास हीच कसोटी लावावी, फोडण्यापूर्वीं न्यायाधीशाची संमति घ्यावी, आणि काम संपल्यावर त्या माणसास कळवावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

शेवटीं पालकांस एक विनंति. लहान मुलाच्या मोबाईलवर देखरेख ठेवणें हें आपलें कर्तव्य आहे. परंतु ती उघडपणें, सांगूनसवरून, आणि त्याच्या वाढत्या वयाबरोबर सैल करीत ठेवावी. जो मुलगा चोरून पाहिला जातो, तो चोरून वागावयास शिकतो. आणि मोठा झाल्यावर कोणी त्याचा लखोटा फोडला तर त्यांत त्याला वावगें वाटत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही मित्राचा संदेश त्याला न विचारतां दहा जणांस दाखवूं नका. दुसऱ्याचा लखोटा जपण्याची संवय ज्याच्या हाताला आहे, त्यालाच उद्यां राज्यकर्त्याला "माझा लखोटा कोणत्या अधिकारानें फोडलात?" असें ताठ मानेनें विचारतां येईल.