नाला नंतर, आधी माथा!

नाचणगावकरांनो, पळस फुलला, होळी तोंडावर आली. पऱ्हाटी उपटून झाली, वावरं मोकळी झाली. पाणी अडवायच्या कामाचा मुहूर्त हाच. पण आपल्याला ते आठवते मे महिन्यात! मग घाईघाईत जेसीबी थेट नाल्यात उतरतो, फोटो निघतात, बिल निघते. अन् पहिल्या मोठ्या पावसात वरून आलेला गाळ सगळा खड्डा बुजवून टाकतो.

स्पष्टच लिहितो: माथा सोडून नुसता नाला खोदणे म्हणजे लोकांचा पैसा गाळात घालणे.

आपल्याच जिल्ह्यातलं, आर्वी तालुक्यातलं काकडदरा पहा. डोंगरातलं छोटं आदिवासी गाव. २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत श्रमदान करून राज्यात पहिलं आलं, ५० लाखांचं बक्षीस घेतलं. अशा कामाचा नियम साधा आहे: माथा ते पायथा. आधी उतारावर समतल चर, मग बांध, नाला सगळ्यात शेवटी.

"पण आपल्याकडे डोंगर कुठाय भाऊ?" डोंगर नसेल, उतार तर आहे ना? दरवर्षी वाहून जाते ती काळी माती कोणाची? उताराला आडवी पेरणी करायला कोणता ठेकेदार लागतो?

१ मेच्या ग्रामसभेची वाट कायले पाहता? सरपंचांनी आत्ताच विशेष ग्रामसभा बोलवावी. कोणत्या वावरात चर, कुठे बांध, किती खर्च, हे फलकावर लावावे. मृग कोणासाठी थांबत नाही.